चौदा घरांचा हिशेब

बँकेच्या नोकरीत माझ्या सहीनं शे-दीडशे घरं तरी उभी राहिली असतील. त्यांतल्या काही घरांवरून आजही जाणं होतं. गच्चीवर वाळत घातलेल्या गोधड्या, दारातली तुळस, अंगणात सायकल शिकणारी पोरं पाहिली की बरं वाटतं. आपण आयुष्यभर नुसते कागद रंगवले नाहीत, असं मनाला सांगता येतं. एक घर मात्र असं उभं राहिलं, की त्याच्यासाठी दुसरी चौदा घरं मोडावी लागली. त्या चौदा घरांना सातबारा नव्हता, घरपट्टी नव्हती. मुळशी तालुक्यातल्या एका घाटमाथ्यावर, कातळात, ती दोन ओळींत कोरलेली होती. एकेका ओळीत सात. प्रत्येक घर एवढंसं, की त्यात एक लिंबू बसावं.

ही गोष्ट मी आजवर घरातसुद्धा नीट सांगितलेली नाही. आज सांगतो आहे, कारण तिच्यात माझी चूक आहे आणि त्या चुकीच्या निमित्तानं दोन सूचना कराव्यात असं वाटतं.

१९८६ साली माझी बदली मुळशीतल्या एका शाखेत झाली. वय सत्तावीस, हाताशी एक कुरकुरणारी मोटारसायकल आणि पिशवीत थकबाकीदारांची यादी. पीककर्ज, बैलजोडी, दुभती म्हैस, असे लहान लहान व्यवहार. मार्चअखेर जवळ आली की वसुलीसाठी वाड्यावस्त्यांवर हिंडावं लागे. गाडी जिथं थांबेल तिथून पुढं पायपीट. अशाच एका दुपारी मी घाटमाथ्यावरच्या एका वाडीत पोचलो. म्हशीच्या कर्जाचे चार हप्ते थकवलेले एक बाबा मला हवे होते. घरी विचारलं तर सुनेनं हात लांब करून माळ दाखवला. ‘‘तकडं कातळावर बसल्यात.’’

बाबा खरंच कातळावर बसले होते. समोर दुसरा एक म्हातारा गुराखी. दोघांच्या मध्ये खळग्यांच्या दोन ओळी आणि त्यांत बारीक खडे. म्हशी आपल्या आपल्या चरत होत्या. मी नाव सांगितलं, बँकेचं नाव सांगितलं, थकलेली रक्कम सांगितली. बाबांनी मान वर केली नाही.

‘‘डाव होऊ द्या सायेब, मंग हप्त्याचं बघू.’’

मी ताटकळत उभा राहिलो. खरं सांगायचं तर चिडलो. बाबा एका खळग्यातले सगळे खडे मुठीत घेत आणि पुढच्या एकेका खळग्यात एकेक टाकत जात. मूठ संपली की पुन्हा कुठून तरी उचलत, पुन्हा टाकत. मला ते पोरखेळासारखं वाटलं. पाऊण तासानं डाव संपला. बाबा जिंकले असावेत, कारण त्यांनी खुशीत कनवटीचे चाळीस रुपये काढून दिले. मी त्याच कातळावर पावतीबुक टेकवून पावती फाडली आणि खाली उतरलो. तो कोणता खेळ, कसा खेळतात, हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

ते सुचायला पाच वर्षं आणि बेळगाव लागलं. १९९१ साली मी तिथं बदलून गेलो. कुटुंब पुण्यात, मी एकटा, एका जुन्या घराच्या माडीवर भाड्यानं. बेळगावचा पाऊस संध्याकाळ झाली की माणसाला घरात कोंडून घालतो. घरमालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या, घरात कानडी बोलत आणि माझ्याशी मराठी. मी त्यांना मावशी म्हणे. एका संध्याकाळी त्यांनी कपाटातून एक लाकडी पेटीसारखं काही काढलं. मधे बिजागरी. उघडलं तर आत दोन्ही बाजूंना सात सात वाट्या कोरलेल्या. माझ्या डोळ्यांसमोर एकदम तो मुळशीचा कातळ उभा राहिला.

‘‘याला अळगुळी मणे म्हणतात,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘मणे म्हणजे पाट. माझ्या आईनं लग्नात दिला. बसा, शिकवते. बँकेत आहात ना, मोजता येत असेल.’’

मोजता येत होतं. तरीही पहिले पंधरा दिवस मी रोज हरलो.

खेळ असा आहे. दोघे समोरासमोर बसतात. आपल्या बाजूची सात घरं आपली, पलीकडची सात समोरच्याची. प्रत्येक घरात पाच चिंचोके. म्हणजे चौदा पंचे सत्तर. चिंचोके नसतील तर कवड्या, गुंजा, खडे, काहीही चालतं. आपली पाळी आली की आपल्या ओळीतलं कोणतंही एक घर निवडायचं, त्यातले सगळे चिंचोके उचलायचे आणि उजवीकडं जात पुढच्या प्रत्येक घरात एकेक टाकायचा. आपली ओळ संपली की वळून समोरच्याच्या ओळीत शिरायचं, तीही संपली की पुन्हा आपल्या ओळीत. मूठ रिकामी झाली की त्याच्या पुढच्या घरात जे असेल ते उचलायचं आणि पुन्हा पेरत निघायचं. असं चालता चालता कधीतरी मूठ संपते आणि पुढचं घर रिकामं निघतं. तिथं पाळी संपली. मात्र त्या रिकाम्या घराच्या पलीकडच्या घरात जे असेल ते सगळं आपलं. ते उचलून बाजूला आपल्या ढिगात ठेवायचं. लागोपाठ दोन घरं रिकामी निघाली तर हात हलवत गप्प बसायचं.

आणखी एक नियम आहे. पेरताना एखाद्या घरात बरोबर चार चिंचोके झाले, तर ज्याच्या ओळीत ते घर, त्यानं ते चार लगेच उचलून घ्यायचे. मग पेरणारा कोणीही असो. तमिळनाडूत याच खेळाला पल्लांगुळी म्हणतात आणि या चारांना ‘पसु’, म्हणजे गाय. दुसऱ्यानं आपल्या दारात आणून बांधलेली गाय! डोळा चुकला आणि त्या घरात पाचवा पडला, की गाय गेली.

एखाद्याची पाळी आली आणि त्याच्या ओळीत काहीच उरलेलं नसलं की डाव संपतो. दुसऱ्याच्या ओळीत उरलेलं ज्याचं त्याचं. मग दोघांनी आपापल्या ढिगातून पुन्हा पाच-पाचांनी आपली घरं भरायची. समजा, माझ्याकडं सत्तावीसच आले. पाच घरं भरली, दोन चिंचोके हातात राहिले आणि दोन घरं बंद पडली. पुढच्या डावात त्या बंद घरांना वगळून खेळायचं. नशिबानं आणि अकलेनं तो डाव जिंकलो, तर बंद घरं पुन्हा उघडायची. एखाद्याला एकही घर भरता येईना, की तो हरला.

एवढंच. वाचायला दोन मिनिटं लागली असतील. आता एक गंमत करून बघा. अगदी पहिल्याच पाळीला, आपल्या डाव्या हाताच्या टोकाचं, म्हणजे पहिलं घर उचला. पाच चिंचोके दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत पडतील. सातव्यातले पाच उचला, ते समोरच्याच्या पहिल्या पाच घरांत जातील. असंच पुढं चालत राहा. पाच वेळा मूठ भरून रिकामी होईल आणि शेवटचा चिंचोका तुमच्याच चौथ्या घरात पडेल. पाचवं घर रिकामं, म्हणून सहाव्यातले सात चिंचोके तुमचे. पहिल्याच फटक्यात सात! मी पहिल्यांदा ते केलं तेव्हा लहान मुलासारखा हरखलो होतो.

मावशी हसल्या. म्हणाल्या, ‘‘हिशेब करा साहेब.’’ मी केला. माझ्या ओळीत आता सत्तावीस उरले होते आणि ढिगात सात, म्हणजे चौतीस. समोरच्या ओळीत छत्तीस झाले होते. मी सुरुवातीला पस्तीस घेऊन बसलो होतो. सात मिळवले म्हणून नाचत होतो आणि खरं पाहता एक चिंचोका पलीकडं देऊन बसलो होतो. शिवाय ते सातही माझ्याच ओळीतले होते. दिवसभर इतरांच्या जमाखर्चातल्या चुका काढणाऱ्या माणसाला त्या संध्याकाळी चांगलाच धडा मिळाला.

पुढं माझ्या लक्षात आलं, की या खेळाची खरी मजा इथंच आहे. बुद्धिबळात मी तुमचं प्यादं मारतो आणि ते पटावरून जातं. इथं मूठ उघडी केल्याशिवाय पुढं जाता येत नाही, आणि बहुतेक वेळा तुमच्या अंगणात टाकत टाकतच जावं लागतं. द्यायचंच नाही असं ठरवलं तर खेळताच येत नाही. कुठं, किती आणि कधी द्यायचं, एवढंच आपल्या हातात. आम्ही बँकेत ज्याला मोठ्या शब्दांत पतपुरवठा म्हणायचो, तेच मावशींच्या पाटावर चिंचोक्यांनी चाललेलं असे. मावशींचा अजून एक नियम होता. घरातले चिंचोके हात लावून मोजायचे नाहीत, नजरेनं मोजायचे. सहा आहेत की सात, हे बघताक्षणी कळलं पाहिजे. महिनाभरात माझी नजर बसली. कॅशियरची बसते तशी.

हा खेळ काही आपलाच नाही, हेही सांगायला हवं. नाहीतर हल्ली कशाचंही मूळ आपल्याकडंच होतं असं म्हणायची घाई असते. जगात या जातीच्या खेळांना ‘मंकाला’ असं एकच नाव दिलं जातं. ‘हलवणं’ या अर्थाच्या अरबी धातूवरून ते आलं आहे. घानामधला ओवारे दोन ओळींत सहा सहा घरांवर, घरात चार-चार बिया घालून खेळतात. आफ्रिकेतून गुलाम म्हणून बोटींत कोंडून नेलेल्या माणसांनी हाच खेळ कॅरिबियन बेटांवर नेला. पाट त्यांना नेता आला नसेल, पण खेळ डोक्यात होता. झांझिबारच्या किनाऱ्यावरचा बाओ चार ओळींचा, बत्तीस घरांचा. श्रीलंकेत गुंजांनी खेळतात, फिलिपिन्स आणि इंडोनेशियात होडीच्या आकाराच्या पाटावर. कझाकस्तानात नऊ-नऊ घरं आणि घरात नऊ-नऊ गोट्या, म्हणजे एकशे बासष्ट. कझाकस्तान, किर्गिझस्तान आणि तुर्कस्तान या तीन देशांनी मिळून आपापले हे खेळ २०२० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवून घेतले. २००२ साली ॲमस्टरडॅमच्या दोन संशोधकांनी एकशे चव्वेचाळीस प्रोसेसर जोडून ओवारेसारख्या खेळाच्या सुमारे ८८९ अब्ज स्थिती तपासल्या आणि निकाल दिला, की दोघेही बिनचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो. घाटमाथ्यावर म्हशी राखत दोन म्हातारे जे खेळत होते, त्या घराण्यातल्या एका खेळासाठी एवढी यंत्रं कामाला लागली!

आपल्याकडं दक्षिणेत हा खेळ मुख्यतः घरातल्या बायकांनी सांभाळला. मुलीच्या लग्नात पाट द्यायची रीत होती. सह्याद्रीच्या घाटवाटांवर, लेण्यांच्या ओट्यांवर आणि गडांवर मात्र तो उघड्या दगडात कोरलेला सापडतो. कारण उघड आहे. कोकणातून मीठ आणि सुकी मासळी घेऊन वर चढलेला माणूस माथ्यावर दम खायला बसे. गडावरच्या पहारेकऱ्याला पहाऱ्याचे तास काढायचे असत. गुराख्याला दिवसभर दुसरं काम नसे. पाट पाठीवर वाहून नेण्यापेक्षा दगडात कोरलेला बरा. तो चोरीला जात नाही आणि पावसात कुजत नाही. निदान तेव्हा तसं वाटत असणार.

आता माझ्या चुकीकडं येतो.

१९९६ साली मी पुण्यातल्या एका शाखेत कर्जविभाग पाहत होतो. शहरात नोकरी-धंदा करणाऱ्या लोकांनी मुळशीत जमिनी घ्यायला सुरुवात केली होती. शनिवार-रविवारसाठी बंगला हवा, अशी ती हौस. त्यातलंच एक प्रकरण माझ्या टेबलावर आलं. कागदपत्रं चोख होती. जागेची पाहणी करायला मी गेलो. पावसाळ्याचे दिवस. गाडी आता जवळपास माथ्यापर्यंत जात होती. गाडीतून उतरून चार पावलं चाललो आणि थबकलो. तोच कातळ. खळग्यांत पावसाचं पाणी साचलेलं होतं आणि त्या सात-सात पाण्याच्या टिकल्या मोजता येत होत्या. आता मला तो खेळ येत होता. आपल्यासमोर काय आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

बरोबरच्या इंजिनिअरनं खडूनं रेघ मारली. ‘‘हा खडक फोडावा लागेल. इथून जिना येतो.’’

मी काय केलं? काही केलं नाही. दुपारपर्यंत परत शाखेत पोचायचं होतं. पाहणी अहवालाच्या छापील नमुन्यात चतुःसीमा, रस्ता, पाणी, वीज, बांधकामाची प्रगती असे रकाने होते. या चौदा घरांसाठी त्यात रकाना नव्हता. ‘शेरा’ असा एक रिकामा रकाना शेवटी असे. त्यात मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘जागेवर खडक असून सपाटीकरण आवश्यक.’ त्या सपाटीकरणाचा खर्च अंदाजपत्रकात धरला आणि सही केली. म्हणजे तो कातळ फोडायला पैसेही मीच मंजूर केले.

मी घरमालकाला दोष देत नाही. त्याला सांगितलं असतं, तर जिना चार फूट बाजूला घ्यायला तो कदाचित आनंदानं तयार झाला असता. पाहुण्यांना दाखवायला त्याला एक नवलाईची वस्तू मिळाली असती. त्याला सांगणारा माणूस तिथं एकच होता आणि तो घड्याळ बघत होता.

मुळशीच्या माणसाला घरं जाण्याची गोष्ट नवी नाही. इथल्या धरणाविरुद्ध १९२१ साली रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातूनच सेनापती बापट झाले. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला. शेवटी धरण झालं, मावळ्यांची भातखाचरं, देवळं आणि घरं पाण्याखाली गेली आणि वीज मुंबईला गेली. त्या बुडालेल्या घरांपुढं चौदा खळग्यांचं दुःख ते केवढं, असं कोणी म्हणेल. खरं आहे. पण त्या घरांसाठी लढायला निदान माणसं उभी राहिली होती. ती घरं गेली हे पुस्तकांत नोंदलं गेलं. घाटमाथ्यावरच्या खळग्यांसाठी कोणी पोलिसांच्या काठ्या खाव्यात अशी अपेक्षा नाही. अहवालात एक ओळ लिहायला मात्र हरकत नव्हती.

म्हणून पहिली सूचना, आणि ती माझ्या जुन्या धंद्यातल्या माणसांना आहे. राज्याचा १९६० चा पुराणवस्तू कायदा आहे. पण त्याचं छत्र घोषित झालेल्या स्मारकांवर. माळावरच्या खळग्यांची घोषणा कोण करणार? ग्रामपंचायतीला ते दिसत नाहीत, कारण ते रोजचे आहेत. पुरातत्त्वाचा माणूस दर वाडीवर पोचू शकत नाही. प्रत्येक प्लॉटवर बांधकामाआधी हटकून जाणारी माणसं दोनच, कर्ज देणाऱ्याचा अधिकारी आणि मोजणी करणारा इंजिनिअर. त्यांच्या अहवालात एक रकाना वाढवा: ‘जागेवर जुनी वाट, वीरगळ, कोरीव दगड, खळगे, टाकं यांपैकी काही आहे काय?’ ‘नाही’ असं शंभरातल्या नव्व्याण्णवांनी लिहिलं तरी चालेल. शंभरावा माणूस ‘आहे’ लिहील, एक फोटो जोडेल, आणि जिना चार फूट सरकेल. या रकान्याला एक पैसा खर्च नाही. छापील नमुन्यात जे विचारलेलं नसतं ते डोळ्यांना दिसूनही दिसत नाही, हे मी छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर खात्रीनं सांगू शकतो.

दुसरी सूचना तुम्हा-आम्हा सर्वांना. तिच्यासाठी मला परत एकदा त्या माथ्यावर जावं लागलं.

२०१९ साली निवृत्त झालो. कादंबरी लिहिण्याच्या निमित्तानं भटकायला वेळ मिळाला, तरी त्या वाटेला जायचं मी टाळत होतो. शेवटी गेल्या दिवाळीनंतर गेलो. बरोबर दहा वर्षांची नात होती आणि पिशवीत सत्तर चिंचोके. बंगला होता, कुलूप होतं. राखणदार म्हणाला, मालक वर्षातून दोनदा येतात. जिना छान बांधलेला आहे. त्याच्या तिसऱ्या पायरीशी कातळाचा एक तुकडा उरला आहे. त्यावर अडीच खळगे आहेत. त्या अडीच खळग्यांवरून मी नातीला काय समजावणार? नुसता दगड पाहून कोणालाही तिथं खेळ दिसत नाही. दोन खड्डे दिसतात.

वाडीत गेलो. बाबा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मला माळ दाखवणारी ती सून आता सत्तरीची झाली होती. ओसरीवर वाल निवडत बसली होती. मी ओळख सांगितली. आजींना म्हैस आठवली, कर्ज आठवलं, मी मात्र आठवलो नाही.

‘‘आजी, बाबा कातळावर काय खेळायचे?’’

‘‘त्ये व्हय? गुराख्यांचं खेळणं त्ये. आता कोन खेळतंय?’’

‘‘तुम्हाला येतं?’’

‘‘ल्हानपनी म्हायेरी गुरामागं खेळायचो. इसरले सम्दं.’’

मी अंगणातल्या मातीत अंगठ्यानं चौदा खळगे केले. पाच-पाच चिंचोके घातले. मी आणि नात समोरासमोर बसलो आणि खेळू लागलो. आजी वाल निवडत तिरप्या नजरेनं बघत होत्या. माझी तिसरी पाळी. मी एक घर उचलायला हात घातला, तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला, ‘‘त्ये नगं, त्याच्या म्होरलं उचला.’’

मी थांबून हिशेब केला. आजींचं बरोबर होतं.

मग सूप बाजूला गेलं. आजी खाली येऊन नातीच्या शेजारी बसल्या. विसरलेलं सगळं त्यांच्या बोटांत होतं. आधी बोटं चालत आणि मग, आपण हे का केलं, हे त्या मुलीला सांगत. त्यांचे एक-दोन नियम मावशींहून वेगळे निघाले. चारांची गाय त्यांच्याकडं नव्हती. त्यांच्याकडं रिकाम्या घराच्या पलीकडचं उचलताना समोरच्या ओळीतलं त्याच्यासमोरचं घरही उचलत. मी वाद घातला नाही. ज्याच्या अंगणात खेळायचं त्याचे नियम. शाळेतून आलेली चार पोरं भोवती उभी राहिली. दोन डाव झाले, दोन्ही मी हरलो. तिसऱ्या डावाला पोरांनी मला उठवलं आणि ती बसली.

परतीच्या वाटेवर मनात एकच विचार होता. मोडलेल्या कातळाचं मला अजून वाईट वाटतं आणि वाटत राहावं. पण समजा मी १९९६ साली तो वाचवला असता, त्याला लोखंडी कठडा घातला असता, निळी पाटी लावली असती, आणि या आजी कोणाशी एक डावही न खेळता गेल्या असत्या, तर मागं काय उरलं असतं? कठड्यात ठेवलेले खड्डे. तुकडा उरलेल्या दगडावर खेळ परत येऊ शकतो. माती आहे, अंगठा आहे. खेळणारी शेवटची बोटं गेली, की मग चौदाच्या चौदा घरं शाबूत असूनही उपयोग नाही. दगड जपायलाच हवा, पण त्याआधी आणि त्याहून घाईनं हात जपायला हवेत.

कोणी म्हणेल, हा खेळ आता मोबाइलवर मिळतो. मिळतो, मी पाहिला आहे. बोट लावलं की गोट्या आपोआप पुढं पळतात आणि यंत्र मोजून देतं. म्हणजे पेरायचंही त्यानं आणि मोजायचंही त्यानं. मग आपण करायचं काय? मुठीत सात चिंचोके आहेत की आठ, हे तळहाताला कळणं आणि समोरच्याचा चेहरा उतरलेला दिसणं, एवढ्यासाठीच तर बसायचं.

तेव्हा दुसरी सूचना अशी. आज रविवार आहे. जेवणं झाली की घरात चौदा वाट्या शोधा. वाट्या कमी पडल्या तर फरशीवर खडूनं गोल काढा किंवा अंड्यांचे दोन ट्रे कापून घ्या. सत्तर चिंचोके, नाहीतर राजमा, नाहीतर शर्टाची जुनी बटणं. आणि खेळायला बसण्यापूर्वी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा, ‘तुमच्याकडं असं काही खेळायचे का?’ ‘नाही, विसरलो’ असंच उत्तर येईल. त्यावर विश्वास ठेवू नका. त्यांच्यासमोर बसून खेळायला लागा आणि एखादी चूक करा.

निघताना मी उरलेले चिंचोके आजींच्या पोरांसाठी ठेवायला लागलो. आजींनी ते नातीच्या पिशवीत परत घातले.

‘‘हितं चिंचा लई हायेत, सायेब. पुढल्या टायमाला येताना येळ घिऊन या.’’